शाळेत मुलांना नीट खायला कसं शिकवायचं? पंगतीपासून सुरुवात करा

परिसर अभ्यासाच्या पुस्तकात आहाराचे धडे आहेत, मुलं ते पाठ करतात, कर्बोदकं प्रथिनं जीवनसत्त्वं सगळं पेपरात बरोबर लिहितात आणि मधल्या सुट्टीत गेटबाहेरच्या टपरीवर जाऊन पाच रुपयाचं पाकीट फोडतात. यात मुलांचं काहीच चुकत नाही. खाणं पोहण्यासारखं आहे, पाण्यात उतरल्याशिवाय येत नाही, आणि शाळेत ते "पाणी" रोज आपल्या समोर असतं, दुपारची पंगत नाहीतर डब्याची सुट्टी. मी झेडपीच्या पहिली ते सातवीच्या शाळेत शिकवते आणि पोषण आहाराचं काम माझ्याकडे आहे, त्यामुळे जे लिहितेय ते मुख्यतः आपल्या शाळांना धरून लिहितेय, पण डब्याच्या शाळांसाठीही यातलं बरंचसं चालेल.

आधी ताटात काय असतं ते बघू. शालेय पोषण आहार, म्हणजे आताची पीएम पोषण योजना, यात पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रोटीन, सहावी ते आठवीला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रोटीन मिळावं असं ठरलेलं आहे. लहानांना १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ-कडधान्य, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल, मोठ्यांना १५०, ३०, ७५ आणि साडेसात. तांदूळ आणि डाळ बहुतेक मुलं खातात. गाडी अडते ती त्या ५० ग्रॅम भाजीपाशी. खिचडीतला टोमॅटो ताटाच्या कडेला, गाजराचे तुकडे शेजारच्याच्या ताटात, कोथिंबीर बोटाने पुसून काढलेली. पंगत उठल्यावर ताटं धुवायच्या जागी जाऊन उभं रहा एकदा, कुठल्या वर्गाची मुलं काय टाकतात ते तिथे जितकं कळतं तितकं कुठेच कळत नाही. मी तर म्हणेन पहिल्या आठवड्यात काही शिकवूच नका, फक्त हे बघा आणि लिहून ठेवा.

मग पुढचा प्रश्न येतो की भाजी किसून खिचडीत लपवायची का. स्वयंपाक करणाऱ्या ताई लगेच म्हणतात, बाई किसून टाकते, कळणार पण नाही पोरांना. टाका, जरूर टाका, पोटात तर जाईल. पण लपवलेल्या भाजीने पोट भरतं, मुलाला भाजी खायला येत नाही, कारण त्याने गाजर खाल्लंय हे त्याला माहीतच नाही. म्हणून दोन्ही करायचं. किसलेलं खिचडीत आणि त्याच दिवशी गाजराचा, काकडीचा, मुळ्याचा एक तुकडा ताटाच्या बाजूला, उघड, दिसेल असा.

आणि तो तुकडा खाल्लाच पाहिजे असं म्हणायचं नाही. हे सगळ्यात अवघड आहे आपल्याला, कारण आपण सगळे "ताटात टाकायचं नाही" ऐकत वाढलोय. पण लहान मुलाला नवीन चव आवडायला आठ-दहा वेळा, काही मुलांना पंधरा वेळासुद्धा ती समोर यावी लागते, आणि जबरदस्ती केली की उलटं होतं, ती भाजी आणि बाईंचा चढलेला आवाज हे दोन्ही त्याच्या डोक्यात एकत्र बसतात. आमच्याकडे शेवग्याच्या पाल्याची भाजी पहिल्यांदा ठेवली तेव्हा दुसरीतला एक मुलगा ती फक्त बोटाने ढकलत होता. नंतरच्या वेळी वास घेतला. मग कधीतरी जिभेचं टोक लावून "कडूय" म्हणाला आणि शेजारच्याला पण चाटायला लावली. मग एक पान चावून थुंकलं. कोणी काही बोललं नाही. पुढे कधीतरी भाताबरोबर कालवून खाताना दिसला आणि तेव्हाही मी काही बोलले नाही, कारण "अरे वा, खाल्लंस की" असं सगळ्यांसमोर म्हटलं की लाजरं मूल पुन्हा खात नाही. अन्न वाया जाईल ही काळजी असेल तर वाढतानाच चमचाभर वाढा, चमचाभरच वाया जाईल. आणि आवडलं तर परत मागायला मोकळीक पाहिजे, हे महत्त्वाचं, कितीदा मुलं मागत नाहीत कारण वाढणारा पुढे निघून गेलेला असतो.

वर्गात एक तक्ता लावा. त्यावर मुलांची नावं नकोत, वर्गाचा एकच तक्ता. पाच रकाने: पाहिलं, वास घेतला, चाटलं, चावलं, खाल्लं. या आठवड्याची भाजी वर लिहायची आणि रोज मुलांनी आपल्या मनाने जिथे पोचलो तिथे एक ठिपका द्यायचा. दोनेक आठवड्यात ठिपके उजवीकडे सरकायला लागतात आणि मुलांना ते दिसतं. नावं घातली की स्पर्धा सुरू होते आणि स्पर्धेत हळू खाणारं मूल हरतं, म्हणून नावं नकोत.

आता आपल्याबद्दल. श्लोक झाला की मुलं जेवायला बसतात आणि आपण स्टाफरूममधे आपापला डबा उघडतो. मुलांना हे दिसतं. खिचडी ही "पोरांची" आहे आणि सर-बाई वेगळं खातात एवढं त्यांना त्यातून कळतं. आठवड्यातून दोनदा तरी त्याच पंगतीत, तशाच ताटात, तेच वाढून घेऊन बसा आणि जेवताना भाजीवर बोला, साधंच, "आज मटकी मस्त शिजलीये", "मला लहानपणी दुधी आवडायचा नाही". प्रोटीनचं नाव पण काढू नका. चव रजिस्टर तर आपल्याकडे आहेच, मुलांना वाढायच्या आधी शिक्षकाने आणि जमेल तेव्हा पालकाने चव घेऊन सही करायची असते. ती चव मोठ्या माणसाने आधी घ्यायचीच, तो सुरक्षेचा भाग आहे, पण त्यानंतर सहावी-सातवीच्या दोन मुलांना पाळीपाळीने बोलवा आणि चव शब्दात सांगायला लावा. "छान आहे" चालणार नाही. मीठ कसंय, डाळ बोटाने दाबली तर चिरडते का, फोडणीत काय काय कळतं, कालच्यापेक्षा काय वेगळंय. जिभेने लक्ष द्यायची सवय लागली की मूल आपोआप हळू खातं. आणि एक गोष्ट, मुलांच्या प्रतिक्रिया स्वयंपाकाच्या ताईंपर्यंत गोड शब्दात पोचवा, दीडशे पोरांचं रांधणं सोपं नसतं, आणि त्या या सगळ्या कामात आपल्याइतक्याच शिक्षक आहेत.

पंगतीत कोण कोणाशेजारी बसतं तेही बघा. घरी जे भेद शिकलेले असतात ते पहिल्यांदा ताटापाशी दिसतात. रांग हजेरी क्रमांकाने लावा, दर सोमवारी बदला, चर्चा न करता. अंडं असेल तर खाणारा खाईल, न खाणाऱ्याला केळं, आणि कोणीही दुसऱ्याच्या ताटाकडे बघून नाक मुरडायचं नाही, हा नियम मात्र कडक. कोकणात सुकटीच्या वासावरून, घाटावर अंड्यावरून, शहरात कुणाच्या डब्यातल्या शिळ्या भाकरीवरून मुलं एकमेकांना बोलतात. ज्या मुलाच्या डब्याला एकदा हसलं गेलं ते मूल घरी जाऊन पाकिटातलंच काहीतरी मागतं, कारण पाकिटाला कोणी हसत नाही.

याच कारणासाठी डबा-तपासणी बंद करा. "दाखवा बघू आज कोणी पौष्टिक आणलंय" हे ऐकायला चांगलं वाटतं पण त्यात जो मार खातो तो त्या घरातला असतो जिथे आई पहाटे पाचला ऊसतोडीला जाते आणि थाळीखाली पाच-दहा रुपये ठेवून जाते. डबा मूल बनवत नाही. डब्याबद्दल जे काय बोलायचं ते मोठ्यांशी, आणि तेही सगळ्यांशी मिळून.

पाकिटाचं गणित

पाकीट वाईट, खाऊ नका, हे सांगून काही होत नाही, मी वर्षानुवर्षं शाळांमधून हे ऐकलंय आणि टपऱ्या तशाच चालू आहेत. त्यापेक्षा पाकीट गणिताच्या तासाला आणा. मुलांना रिकामी पाकिटं गोळा करायला सांगा, भरलेली विकत आणायची नाहीत. पाचवीच्या वर पाकिटावरचं वाचता येतं. आधी निव्वळ वजन शोधायचं. समजा पाच रुपयाच्या पाकिटात १२ ग्रॅम वेफर्स निघाले, तर किलोचा भाव काढा. ४१७ रुपये येतो. मग फळ्यावर बाजारातला बटाट्याचा आजचा भाव लिहा, तो मुलांनाच विचारा, ज्याच्या घरी बटाटे पिकतात तो तर मंडईतला भाव सांगेल. वर्गात एकदम शांतता होते आणि मग सगळी एकदम बोलायला लागतात. तोच हिशोब शेंगदाण्यांचा करा, पाच रुपयाला किती ग्रॅम येतात, मूठ भरते का. शेतकऱ्याच्या पोरांना हा मुद्दा कॅलरीच्या आधी पटतो.

दुसऱ्या दिवशी घटकांची यादी. ज्याचं वजन जास्त ते आधी लिहिलेलं असतं, हा नियम आहे, त्यामुळे पहिले तीन शब्द वाचले तरी पुष्कळ कळतं. "फ्रूट" असं मोठ्या अक्षरात लिहिलेल्या बऱ्याच पेयांत पाणी आणि साखर पहिली येतात आणि फळाचा टक्का बारीक अक्षरात कुठेतरी. मुलांना ते शोधायला फार आवडतं.

मग साखर. चार ग्रॅम म्हणजे साधारण एक चहाचा चमचा एवढं लक्षात ठेवायचं. नेहमीच्या कोल्ड्रिंकच्या बाटलीवर १०० मिलीला १० ते ११ ग्रॅम साखर लिहिलेली असते, म्हणजे २५० मिलीच्या छोट्या बाटलीत २६ ग्रॅम धरा, साडेसहा चमचे. एका मुलीला पुढे बोलवून काचेच्या ग्लासात चमच्याने साखर घालायला सांगा आणि बाकीच्यांनी मोजायचं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की वरून घातलेल्या साखरेतून दिवसाच्या १० टक्क्यांपेक्षा कमी ऊर्जा यावी, ५ टक्क्यांच्या आत असेल तर आणखी चांगलं. १६०० कॅलरी लागणाऱ्या मुलासाठी ५ टक्के म्हणजे ८० कॅलरी, म्हणजे २० ग्रॅम, पाच चमचे, तेही दिवसभराच्या चहा बिस्किटासकट. हे गणित सातवीच्या मुलांनी स्वतः सोडवलेलं मी पाहिलंय, शेकडेवारीचा सराव पण होतो. सीबीएसईने मे २०२५ मधे त्यांच्या शाळांना "शुगर बोर्ड", म्हणजे कशात किती साखर ते दाखवणारा फलक, लावायला सांगितलंय ते हेच, पण बोर्ड लावून मुलं बघत नाहीत, हातात चमचा दिला की बघतात.

एनर्जी ड्रिंकबद्दल मात्र मी स्पष्ट बोलते. खेडोपाडी वीस रुपयाला मिळतात, मैदानावर मोठ्या मुलांचं बघून सहावी-सातवीची पोरं पितात. त्यात कॅफिन असतं आणि लहान मुलांसाठी नाही असं त्या बाटलीवर कंपनीनेच छापलेलं असतं कारण तसा नियम आहे. ते वाक्य मुलांनाच मोठ्याने वाचायला द्या. इथे "थोडं चालतं" म्हणू नका.

बाकी सगळ्यासाठी मी वर्गात दोनच गट ठेवलेत, "रोजचं" आणि "कधीतरीचं". चांगलं-वाईट म्हणत नाही, कारण वडापाव वाईट म्हटलं की ज्याच्या बापाची वडापावची गाडी आहे ते मूल मान खाली घालतं. वडापाव, श्रीखंड, गुलाबजाम, वेफर्स कधीतरीचं. भाकरी, भात, डाळ, उसळ, पालेभाजी, ताक, फळ, शेंगदाणे, अंडं रोजचं. कुठली गोष्ट कुठल्या गटात यावर मुलं भांडतात, भांडू द्या, बिस्किटावरून आमच्याकडे अख्खा तास गेला होता आणि तो मला फुकट वाटला नाही.

गेटबाहेरच्या दुकानाचं काय? एफएसएसएआयचा, म्हणजे देशातल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, २०२० चा नियम आहे, शाळेच्या आवारात आणि आवारापासून ५० मीटरच्या आत जास्त चरबी, मीठ, साखरेचे पदार्थ शाळेच्या मुलांना विकायचे नाहीत. नियम माहीत असावा पण तो हातात घेऊन पहिल्याच दिवशी दुकानदाराकडे जाऊ नका. तो गावातलाच असतो, त्याची नात आपल्याच शाळेत असते. शाळा व्यवस्थापन समितीतले दोन जण घेऊन जा आणि मांडणी बदलायची विनंती करा, मुलांच्या नजरेच्या उंचीवर फुटाणे, भाजके शेंगदाणे, चिक्की, राजगिऱ्याचा लाडू, सिझनला बोरं, पेरू, आणि पाकिटं वरच्या फळीवर. धंदा त्याचा होतच राहतो. नाहीच ऐकलं तर मग ग्रामपंचायत आणि नियम आहेच.

मटकीला मोड

एकच उपक्रम करायला वेळ असेल तर हा करा. सोमवारी सकाळी मूठभर मटकी प्रत्येक गटाला मोजून द्या, पहिलीची मुलं दाणे मोजतील, तिसरीची वजन करतील. बरणीत भिजत घाला, पाणी मटकीच्या दुप्पट-तिप्पट. शाळा सुटताना पाणी काढून स्वच्छ ओल्या फडक्यात पुरचुंडी बांधा, फडकं धुतलेलं पाहिजे, खिशातला रुमाल नाही, आणि टांगून ठेवा. मंगळवारी सकाळी शाळेत आल्याआल्या मुलं दप्तर न ठेवता पुरचुंडीकडे धावतात. उन्हाळ्यात तेवढ्यात बारीक पांढरी शेपटी आलेली असते, थंडीत अजून एक दिवस लागतो आणि मग फडक्यावर पाणी शिंपडायचं आणि पुरचुंडी तांदळाच्या पोत्याजवळ उबेला ठेवायची. काही दाण्यांना मोड येत नाही, ते का, याची चर्चा होते, कोणी म्हणतं किडके, कोणी म्हणतं मेलेले. मग ताईंकडे नेऊन मटकी वाफवून घ्या. कच्चे मोड लहान मुलांना देऊ नका, ओलाव्यात आणि उबेत मोडांबरोबर जंतूपण वाढतात, पाचेक मिनिटं दणदणीत वाफ दिली की काळजी नाही. वर कांदा, टोमॅटो, कोथिंबीर, मीठ, आणि लिंबू मुलांनीच पिळायचं. ज्या मुलाने स्वतः बांधलेली पुरचुंडी आहे तो ती मटकी टाकत नाही, नेहमी नाक मुरडणारा असला तरी.

परसबागेचंही तेच आहे पण तिला चिकाटी लागते. सगळ्या भाज्या एकदम लावू नका. मेथी आणि मुळा महिन्याभरात हाताला येतात, मुलांचा धीर तेवढाच असतो. शेवगा एकदा लावला की वर्षानुवर्षं पाला देतो, कडीपत्ता तसाच. हात धुवायचं पाणी चर काढून वाफ्यात सोडा, पाणी घालायची पाळी वेगळी लावावी लागत नाही. मे महिन्यात बाग वाळते ती वाळते, जूनला परत सुरू. जागा नसेल तर तेलाच्या रिकाम्या डब्यात मेथी येते, शहरातल्या शाळेच्या गच्चीवरसुद्धा. भाजी काढायच्या दिवशी जी मुलं काढतील त्यांनीच निवडायची आणि त्याच दिवशी ती ताटात दिसली पाहिजे, चार दिवसांनी नाही.

डब्याच्या शाळा

इंग्रजी माध्यमाच्या आणि शहरातल्या शाळांमधे प्रश्न वेगळा आहे. तिथे डबा पौष्टिक असतो पण परत जातो. कारणं बहुतेक वेळा साधी असतात. छोट्या सुट्टीची पंधरा मिनिटं, त्यात हात धुवायची रांग, आणि बालवाडीच्या मुलाला डब्याचं झाकण उघडतच नाही. वर्गशिक्षिकेने पहिल्या आठवड्यात प्रत्येक मुलाला स्वतःचा डबा उघडता-बंद करता येतो का एवढं बघावं आणि येत नसेल तर घरी कळवावं, अर्धे डबे तिथेच संपायला लागतील. खाणं आधी आणि खेळ नंतर असला की मुलं दोन घास कोंबून मैदानावर पळतात, जमत असेल तिथे खेळ आधी आणि डबा नंतर ठेवून बघा. आयांना सांगायचं ते एवढंच की हातात धरून खाता येईल असं द्या. भाजीची गुंडाळी केलेली पोळी, थालीपीठाचे चार तुकडे, धिरडं, दशमी आणि शेंगदाण्याची चटणी, तूप-गुळाची पोळी, मेथीचा पराठा. सफरचंद कापून काळं पडतं आणि मुलं खात नाहीत, त्यापेक्षा केळं, पेरूच्या फोडी, बोरं. पेरूत संत्र्याच्या कितीतरी पट सी जीवनसत्त्व असतं आणि तो स्वस्त, तरी आपण आजाऱ्याला बघायला जाताना संत्रीच नेतो. भात-आमटीचा डबा द्यायचा असेल तर चमचा आठवणीने.

मोठ्या मुलींसाठी थोडं वेगळं

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींमधे रक्त कमी आढळलं. त्याची सुरुवात आपल्या सहावी-सातवीत होते. लोहाची गोळी आठवड्याला मिळते, लहानांना गुलाबी, सहावीपासून निळी. जेवणानंतर, आपल्या समोर घ्यायची, उपाशी पोटी नाही. आणि शौचाला काळं होतं, त्याने घाबरायचं नाही, हे आधी सांगा. हे न सांगितल्यामुळे कितीतरी मुली गोळी खिशात घालून नेतात आणि बांधावर टाकतात. जंताची गोळी १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या मोहिमेत असते ती चुकवू नका, पोटात जंत असतील तर खाल्लेलं अंगी लागत नाही. ताटाच्या बाजूने बघायचं तर उसळीवर लिंबू पिळल्याने लोह जास्त शोषलं जातं आणि जेवणाबरोबर चहा घेतल्याने कमी. आपल्याकडे सकाळी चहा-चपाती खाऊन शाळेत येणारी मुलं भरपूर आहेत. चहा बंद करा म्हटलं तर घरी कोणी ऐकणार नाही, पण आधी भाकरी-चपाती दुसऱ्या कशाशी तरी खा आणि चहा तासाभराने घे, एवढं मुलगी घरी जाऊन सांगू शकते.

पाण्याचं पण याच वयात. मुली शाळेत पाणी पीत नाहीत कारण शौचालयात जायचं नसतं. केरळमधल्या शाळांनी २०१९ मधे पाण्याची घंटा सुरू केली, दिवसातून ठरलेल्या वेळी घंटा झाली की सगळ्यांनी पाणी प्यायचं, नंतर ती कल्पना बाकी राज्यांतही पसरली. चांगली कल्पना आहे, पण घंटेच्या आधी शौचालयाची कडी आणि पाणी बघा. हात धुवायला नळापाशी साबण जाळीच्या पिशवीत बांधून ठेवा, पिशवीसकट हातावर घासायचा, साबण चोरीला जात नाही आणि वितळून पण जात नाही. वीस सेकंद मोजायला लहान मुलांना बे एकं बे चा अख्खा पाढा म्हणायला लावा, पुरतो.

वजन-उंची घेताना आकडा मोठ्याने वाचू नका. "जाड्या", "काडी" हे शब्द वर्गात आले की तिथेच थांबवा. मुली पाचवी-सहावीपासून पोटाकडे बघून जेवण कमी करायला लागतात आणि त्याची सुरुवात बऱ्याचदा कोणाच्यातरी एका वाक्याने झालेली असते. आणि बरोबर उत्तराला चॉकलेट द्यायची पद्धत सोडा, गोड म्हणजे बक्षीस हे मुलाच्या डोक्यात आपणच घालतो. पेन्सिल द्या, पहिला नंबर लावून झोका द्या, मुलांना चालतं. वाढदिवसाला चॉकलेट वाटण्याऐवजी चिक्की, केळी, बोरं किंवा वर्गाच्या पेटीला एक गोष्टीचं पुस्तक, हे पालक सभेत जूनमधेच सगळ्यांचं मिळून ठरवा, मधेच ठरवलं तर ज्याचा वाढदिवस पुढच्या आठवड्यात त्याच्यावर अन्याय होतो.

पालक सभेत भाषण करू नका. आयांनाच बोलवा आणि एखादा पदार्थ करून आणायला सांगा, नाचणीची आंबील, बाजरीची खिचडी, मुगाचं धिरडं, कुळथाचं पिठलं, जे ज्याच्या घरी होतं ते. खर्च किती, वेळ किती, पहाटे घाईत जमेल का, हे त्याच एकमेकींना सांगतात आणि ते आपल्या सल्ल्यापेक्षा जास्त चालतं. वडिलांना पण बोलवा, खाऊचे पैसे बहुतेक घरात तेच देतात. सभेत त्यांच्यापुढे वेफर्सच्या किलोच्या भावाचं गणित त्यांच्याच मुलाकडून करून घ्या. व्हॉट्सॲप ग्रुपवर मोठाले लेख टाकू नका, उद्या पंगतीला काय आहे एवढा एक फोटो टाका, घरी मूल काय खाऊन आलंय हे कळलं की संध्याकाळी काय करायचं ते आई ठरवते.

आणि काही मुलं आपल्या या कुठल्याच उपायाने खाणार नाहीत. महिनोन्महिने वजन वाढतच नाही, घास गिळताना ठसका लागतो, दोन-तीनच पदार्थांवर जगतंय, वर्गात सारखं झोपतंय, नखं-डोळे पांढरे दिसतात, माती किंवा खडू खातंय, तर ते लाड किंवा हट्ट समजू नका. खडू खाणं तर पुष्कळदा लोह कमी असल्याचं लक्षण असतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम वर्षातून शाळेत येते, पण तिची वाट बघत बसू नका, पालकांना एकट्यात बोलवून आरोग्य केंद्रात पाठवा आणि गेले का ते पुढच्या आठवड्यात परत विचारा.